एका रंगाचे दोन खोके

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. पप्पा वापीकडच्या गलोंड्याच्या एका यार्न कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होते. त्यांच्या खात्यात धाग्याला पीळ देऊन, फुगवून कागदी नळ्यांवर गुंडाळणारी लांबच लांब यंत्रं रात्रंदिवस चालत, आणि त्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी छाती फुगवून ओरडावं लागे. तो आवाज पप्पा घरीही घेऊन यायचे. ‘मीठ दे’ म्हणाले तरी चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत कळायचं की आज आमच्या वरणात मीठ कमी आहे. आई त्यांना तोंडाने उत्तरच द्यायची नाही. कंपनीतले लोक एकमेकांना दुरून हाताच्या खुणा करतात, त्यातल्या दहा-बारा तिने पप्पांकडूनच उचलल्या होत्या. दोन मनगटं एकमेकांवर ठेवली की ‘बंद करा’, बोट हवेत गोल फिरवलं की ‘चालू द्या’, चिमूट सोडली की ‘धागा तुटला’. मी शाळेतून रुसून आले की आई पप्पांकडे बघून चिमूट सोडायची आणि ते मान हलवायचे. त्यांना वाटायचं, मला कळत नाही.

त्याच भागातल्या सामरवरणीत आमच्या दोन खोल्या होत्या. डावीकडे बिहारचं कुटुंब, उजवीकडे वापीहून आलेले गुजराती, समोर दोन खोल्यांत मिळून आठ ओडिया मुलं. सकाळी नळाला पाणी यायचं तेव्हा पाच भाषांतून भांडण व्हायचं आणि सगळ्यांना सगळं समजायचं. आई-पप्पा आपसात अहिराणी बोलत, माझ्याशी मराठी, आणि मी रस्त्यावर पाय ठेवला की हिंदी. घरात जेवण मात्र शंभर टक्के शहाद्याकडचं. हिवाळ्यात कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि पाहुणे आले की शेवेची भाजी, एवढी तिखट की गुजराती काकू वाटी परत करताना आईच्या पाया पडायच्या. थंडीत पप्पा कधीकधी वापी रोडवरून उंबाडियुं आणत. मडक्यात पाल्याखाली भाजलेले ते कंद आणि पापडी आम्ही तिघं गरमगरम सोलून खायचो, आणि पप्पांच्या शर्टाचा तेलकट वास, धाग्याला लावतात त्या तेलाचा, त्यात मिसळलेला असायचा. तो वास आज मला कुठे मिळत नाही. मिळाला तर मी तिथेच उभी राहीन.

पप्पांचं सगळं आयुष्य एका भीतीभोवती फिरत होतं, आणि ती भीती म्हणजे लॉट मिक्स. पांढरा धागा सगळा सारखाच दिसतो, पण एका लॉटचा धागा दुसऱ्यात गेला तर कापड विणून रंगवल्यावर त्यावर पट्टे उमटतात. तोवर माल सुरतेला पोचलेला असतो आणि मग तिथून शिव्या येतात. म्हणून प्रत्येक लॉटच्या कागदी नळीवर वेगळ्या रंगाचा पट्टा असे. लाल पट्ट्याच्या नळ्या एका यंत्रावर, निळ्या दुसऱ्यावर. एक रंग, एक लॉट. शिवाय शिफ्ट बदलताना प्रत्येक ऑपरेटरने आपल्या यंत्रावरचा लॉट नंबर पप्पांना मोठ्याने वाचून दाखवायचा, हा त्यांचाच नियम. आणि एवढं करूनही कुणाच्या हातून मिक्स झालंच तर त्यासाठी दुसरा नियम होता. त्याने दोन्ही शिफ्टच्या माणसांसमोर उभं राहून म्हणायचं, ‘मिक्स मेरे से हुआ.’ एवढंच. मग गेटबाहेरच्या चहाच्या लारीवरून सगळ्यांना चहा पाजायचा आणि विषय संपला. मेमो नाही, पगार कापणं नाही, पुन्हा टोमणा नाही. पप्पा म्हणायचे, माणूस लपवतो तेव्हा माल जातो. पप्पांना स्वतःला ते वाक्य म्हणायची वेळ इतक्या वर्षांत एकदाही आली नव्हती, आणि हे ते दर दोन-तीन दिवसांनी जेवताना आम्हाला ऐकवत.

अशा घरात मला विमान उडवायचं वेड लागलं. अकरावीचा फॉर्म भरायला नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेले होते. शेजारच्या मशीनवर एक मुलगा विमान उडवत होता. गोळ्या नाहीत, शत्रू नाही, नुसतं विमान धावपट्टीवरून उठतं आणि वर जातं. फॉर्म राहिला बाजूला, मी तासभर त्याच्या खांद्यावरून बघत उभी. नंतर चार-पाच वेळा काहीतरी निमित्त काढून गेले आणि स्वतः उडवलं. पण कॅफेतली मशीन दमेकरी होती. विमान वळवलं की चित्र अडकायचं, आणि ढग म्हणजे पांढरे चौकोनी ठोकळे. कॅफेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “इसमें कार्ड नहीं है. कार्ड वाला देखोगी तो पागल हो जाओगी.” त्या दिवसापासून मला ते कार्डवालं मशीन हवं होतं. एवढं तीव्र मला त्यानंतर फारच थोड्यांबद्दल वाटलं आहे, आणि त्यातल्या एकाशी मी लग्न केलं.

आता माझा मुलगा दहा मिनिटांत नेटवर सगळे पार्ट निवडतो. काय कशाला बसत नाही ते लाल अक्षरांत आपोआप दिसतं. तेव्हा तसं काही नव्हतं. वापी स्टेशनवरच्या स्टॉलवर कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक मिळायचं, सोबत सीडी असलेलं. पप्पांना सांगून मी त्याचे जुने अंक मागवले आणि शब्दकोश घेऊन वाचायला बसले. हळूहळू कळत गेलं की कॉम्प्युटर ही एक वस्तू नाही, ते एक एकत्र कुटुंब आहे आणि त्यात कुणाचं कुणाशी पटतं ते बघावं लागतं. प्रोसेसर कुठला घेतला त्यावर मदरबोर्ड ठरतो. मदरबोर्ड ठरला की मेमरी त्याच्याच जातीची लागते. जुनी मेमरी नव्या खाचेत जातच नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत होती पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची. त्याच सुमाराला कार्डाची खाच बदलत होती. बाजारात जुन्या खाचेची आणि नव्या खाचेची, दोन्ही कार्डं होती, कधीकधी एकाच नावाची. बोर्ड नवा आणि कार्ड जुनं घेतलं की संपलं. मी वहीच्या मधल्या जोडपानावर रकाने आखले, बारीक अक्षरांत प्रत्येक पार्टचं नाव, त्याची खाच, त्याला किती वीज लागते आणि तो कुणाबरोबर चालतो ते लिहिलं. महिनाभर खोडत होते. शेवटी जी यादी तयार झाली ती मला तोंडपाठ होती, आणि अजूनही बरीचशी आहे.

दिवाळीच्या बोनसमधून घ्यायचं ठरलं, आणि नेमक्या मला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, उशाशी कडुनिंबाचे डहाळे, आणि आईचा हुकूम की अंघोळ होईस्तोवर उंबरा ओलांडायचा नाही. पप्पांची सुट्टी गेली असती तर पुढची कधी मिळेल नेम नव्हता. तेव्हा पप्पा एकटेच वापीला जाणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि यादी तीनदा मोठ्याने म्हणून घेतली. प्रत्येक नाव ते माझ्यामागून म्हणत. मी म्हटलं, “पप्पा, कागद आहे की तुमच्याकडे. दुकानात नुसता दाखवा.”

“कागद हरवतो,” ते म्हणाले. “तू म्हण.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षातून खोके उतरले तेव्हा मी खिडकीतून बघत होते. दोन मोठे, चार-पाच लहान. मी धावले तशी आई दारात आडवी उभी राहिली. “खपल्या पडू दे पह्यले,” ती म्हणाली, आणि सगळे खोके चादरीत बांधून माळ्यावर टाकले. आठ दिवस ते गाठोडं माझ्या डोक्यावर होतं आणि मी खाली पडून त्याच्याकडे बघत होते. खाज कशाने जास्त सुटत होती, फोडांनी की त्या गाठोड्याने, सांगता येणार नाही.

माझी अंघोळ झाली त्याच्या पुढच्या सुट्टीला पप्पांनी मुहूर्त काढला. आणि त्यांनी एक गोष्ट केली जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. त्यांनी आपल्या शिफ्टच्या माणसांना बोलावलं. पाच जण आले. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होते. एक यादव, पप्पांचा सगळ्यात जुना ऑपरेटर, आझमगढचा, ज्याला दोन वर्षांपूर्वी पप्पांनी सगळ्यांसमोर ‘मिक्स मेरे से हुआ’ म्हणायला लावलं होतं. दुसरा किलवणीचा काशिनाथ, वारली, फार कमी बोलणारा, जो आमच्या घरी आला की चपला अंगणाच्याही बाहेर काढायचा. आईने भजी तळली, शिरा केला. सतरंजीवर सगळे खोके ओळीने मांडले, त्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. पप्पांनी सगळ्यांना बसवलं आणि आपल्या त्या यंत्रावरच्या आवाजात जाहीर केलं, “मंजू खुद जोडेगी. कोई हाथ नहीं लगाएगा.” चाळीतली पोरं खिडकीच्या गजांना लटकली. मला घाम फुटला होता आणि बरंही वाटत होतं.

सुरुवात चांगली झाली. मदरबोर्ड खोक्यातून काढला, प्रोसेसरची बारीक दांडी उचलली, प्रोसेसर खाली ठेवला, दांडी दाबली. काशिनाथ एकदम पुढे वाकून बघत होता. मेमरी ‘टक्’ करून बसली. यादव म्हणाला, “वाह बिटिया, फिटर बन गई.” सगळे हसले, पप्पा सगळ्यांत मोठ्याने. मग मी कार्डाचा खोका उघडला. खोका मदरबोर्डाच्याच रंगाचा होता, निळा, तसाच पिवळा पट्टा, त्याच कंपनीचा. माझ्या यादीतलं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं. मी मनात म्हटलं, माल नसेल, दुसरं दिलं असेल. कार्ड हातात घेतलं. खालच्या सोनेरी पट्टीवरची खाच बघितली आणि मला लगेच कळलं. जुनं होतं. बोर्डावर ते बसायला जागाच नव्हती.

“पप्पा, हे माझ्या यादीतलं नाहीये,” मी म्हटलं.

पप्पांनी त्याचीच वाट पाहिली असावी. ते सगळ्यांकडे वळले. “पोरीने दोन कंपनीचं लिहिलं होतं,” ते म्हणाले. “बोर्ड एकाचा, कार्ड दुसऱ्याचं. मी म्हटलं, तिला अजून अनुभव नाही. मी दोन्ही एकाच कंपनीचं घेऊन आलो. बघा, रंग बघा. एक रंग.” आणि यादवला म्हणाले, “एक ही लॉट का लिया.” यादवने मान डोलावली. पाचही जणांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने ह्याहून शहाणपणाची गोष्ट असूच शकत नव्हती.

इथे मला थांबावं लागतं, कारण पुढचं लिहायला आजही लाज वाटते. कार्ड न बसवता ते मशीन चालू होणार होतं. बोर्डावर चित्राची साधी सोय होती, आणि हे मला माहीत होतं, मीच रकान्यात लिहिलं होतं. मी कार्ड गुपचूप खोक्यात ठेवलं असतं, मशीन चालू करून दाखवलं असतं, टाळ्या झाल्या असत्या, शिरा संपला असता, माणसं गेली असती आणि मग पप्पांना एकट्याला सांगितलं असतं तर जगात कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मी महिनाभर रकाने आखले होते. आठ दिवस त्या गाठोड्याकडे बघत पडले होते. ‘तिला अजून अनुभव नाही’ हे मला पाच माणसांसमोर ऐकवलं गेलं होतं. आणि मला नेमकं माहीत होतं, पप्पांना सगळ्यात जास्त कुठे लागेल ते.

“लॉट मिक्स केला तुम्ही,” मी म्हटलं. हळू नाही, आमच्या घरच्या आवाजात.

ते दोन शब्द सगळ्या भाषांतून सारखेच होते. यादवचा हात भज्यांच्या ताटलीवर थांबला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मंजे, कसाले बोंबली राहिनी?” आणि पदराला हात पुसत बाहेर आली. पप्पांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. उठून दारातल्या उजेडात गेले, उलटसुलट करून पाहिलं, परत येऊन बोर्डावर धरून पाहिलं. खाच जुळत नव्हती हे आता कुणालाही दिसत होतं. काशिनाथने मान खाली घातली. यादव मध्ये पडला, “अरे साहब, दुकानवाले ने ग़लत दे दिया होगा. कल जाके पकड़ते हैं उसको.”

पप्पा म्हणू शकले असते की हो, दुकानदाराने फसवलं. सगळ्यांना ते हवंच होतं. मलाही, खरं सांगायचं तर, तोवर हवं झालं होतं. पण ते उभे राहिले, शर्ट खाली ओढला, आणि पाचही जणांकडे बघत, शिफ्ट बदलताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, “मिक्स मेरे से हुआ.”

मग आईला म्हणाले, “चहा ठेव सगळ्यांना.”

“साहब, ये तो घर है,” यादव म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

“तो?” पप्पा म्हणाले, आणि खाली बसून स्वतः कप मांडू लागले.

चहा झाला. कुणी वर बघून प्याला नाही. मशीन मी चालू केलं, कार्डाशिवाय, पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पटापट निघून गेले. काशिनाथ जाताना माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “तू बराबर केलं. पण आता सायबाला जेवायला तू वाढ.” मी वाढलं. पप्पा नेहमीसारखे जेवले, नेहमीसारखं मोठ्याने मीठ मागितलं. त्यांनी ठरवलेल्या नियमाप्रमाणे विषय संपला होता, आणि त्यांनी तो मरेपर्यंत उकरला नसता. माझा संपत नव्हता. जिंकले तर मीच होते.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं वापीला गेलो. दुकानदाराने पप्पांना ओळखलं आणि तो आधीच चढला. “जुओ साहेब, मैंने उस दिन बोला था ने, लिस्ट देखो, डब्बे पे पढ़ लो. आपने बोला यही दो. अब सील टूट गया.” मला वाटलं, आता पप्पांचा आवाज चढणार. ते म्हणाले, “बराबर है. चूक आमची.” दुकानदार एकदम नरमला. जुन्या खाचेच्या कार्डाला अजून गिऱ्हाईक होतं म्हणून त्याने ते ठेवून घेतलं आणि बदल्यात नव्यातलं, जरा साधं कार्ड द्यायला तयार झाला. त्याने दोन-तीन खोके काढून पप्पांसमोर ठेवले आणि विचारलं, पंखावालं की बिनपंख्याचं? पप्पांनी खोक्यांना हातही लावला नाही. “हिला विचारा,” ते म्हणाले. मी वाचून, जुळवून एक निवडलं. खाच मी तीनदा बघितली. परत येताना बसमध्ये खोका त्यांच्या मांडीवर होता. दमणगंगेच्या पुलावर बस हळू झाली तेव्हा ते म्हणाले, “बसेल ना हे नक्की?” ज्याचं उत्तर त्यांना माहीत नाही असा प्रश्न त्यांनी मला तोवर कधी विचारला नव्हता.

बसलं. ढग आले, खरे ढग, कडा विरत गेलेले, ज्यातून विमान गेलं की पडदा पांढरा होऊन पुन्हा निळा व्हायचा. पप्पा शेजारी स्टुलावर बसले होते. त्या खेळात आमच्याकडचं फारसं काही नव्हतं, पण दमणची धावपट्टी होती. मी तिथून उठले आणि आत वळले. नदीची निळी रेघ दिसली. “आपली कंपनी कुठाय?” पप्पांनी विचारलं. मी अंदाजाने बोट ठेवलं. तिथे नुसतं हिरवं होतं, एक इमारत नाही, एक धुराडं नाही. पप्पा खदखदून हसले. “बरं झालं,” ते म्हणाले. “आज शिफ्टला जायला नको.” आईला हाक मारून दाखवलं. तिने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “माले काय समजस त्यामा,” पण मी विमान वाकडं केलं तेव्हा तिने माझा खांदा घट्ट धरला होता. ती सगळी थंडी मी उडत होते. माझ्या तरुणपणातले सगळ्यात सुखाचे दिवस विचारले तर मी तेच सांगेन.

त्यानंतर पप्पांनी मला विचारल्याशिवाय घरात एक वस्तू आणली नाही. पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग, पहिला मोबाइल, त्याची बॅटरी. दुकानातून फोन करायचे, दुकानदाराच्या हातात द्यायचे आणि मागून ओरडायचे, “नंबर वाच तिला!” आधी मला त्याचा अभिमान होता. मी इंजिनिअर झाले, पुण्याला आले, पप्पा निवृत्त होऊन शहाद्याजवळ गावी गेले, तरी फोन येतच राहिले, आणि मग हळूहळू मला ते टोचायला लागलं. एवढा ठाम माणूस, स्वतःच्या शब्दावर पन्नास माणसं चालवणारा, एका पाइपाचा व्यास मुलीला विचारतो. मला वाटायचं, हे मी केलं. त्या दिवशी सतरंजीवर मी त्यांच्यातलं काहीतरी मोडलं आणि ते परत जुळलं नाही. हे मी आईलाही कधी बोलले नाही. नवऱ्याला एकदा सांगितलं, तो म्हणाला, तू उगाच मनाला लावून घेतेस.

गेल्या महिन्यात शहाद्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला. “मॅडम, तुमच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. लेन्सचे तीन प्रकार आहेत, ते म्हणतात मुलगी सांगेल ती टाका.” मागून पप्पांचा आवाज, “नंबर वाच तिला!” मी कागद पेन्सिल घेतली आणि सवयीने रकाने आखले. लांबचं दिसणारी, जवळचं दिसणारी, दोन्ही थोडं थोडं दिसणारी. मग पेन्सिल थांबली. हे काही दुकानातून बदलून मिळणार नव्हतं. मी म्हटलं, फोन त्यांना द्या.

“पप्पा, हे मी कसं सांगू? तुम्हाला लांबचं बघायचंय की जवळचं?”

“जवळचं,” ते लगेच म्हणाले. “लांबचं चष्म्याने बघीन. मला पार्टवरचे नंबर वाचायचेत. किती वर्षं तुला फोन लावून राहिलो.”

“पण तुम्हाला आधी दिसायचं की.”

“कुठे दिसायचं?” पप्पा म्हणाले, पूर्ण दवाखान्याला ऐकू जाईल असं. “तुझ्या कॉम्प्युटरच्या आधीपासून दिसत नव्हतं. तुझी यादी तर मुंगीच्या पायाएवढी. दुकानात तो म्हणे डब्यावर वाच. काय वाचू? रंग तेवढा दिसला. आणि मग तुला विचारायची सवय लागली, ती चष्मा आला तरी गेली नाही.”

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं का नाही. दिसलं नाही म्हणाले असते तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं.

“यादव होता ना तिथे,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज थोडा खाली आला. “सुपरवायझरला लॉट नंबर वाचता येत नाही म्हटल्यावर कंपनीने ठेवलं असतं का मला? तू अकरावीला होतीस. चूक झाली म्हटलं तर एक चहा जातो, बेटा.”

मग त्यांनी फोन त्या मुलीकडे दिला. ती विचारत होती, “मॅडम, मग जवळची फायनल करू ना?” आणि मी, तिला दिसणार नाही हे विसरून, आईसारखं हवेत बोट गोल फिरवत होते. चालू द्या.